कोरोनाकाळातील शिक्षणाचे संशोधन : आमची मुले कोणत्या रकान्यात?

२०२० सालच्या जून महिन्यातील गोष्ट. टाळेबंदी चालू होती, न्यायालयांचे कामकाज जवळजवळ ठप्प होते आणि आमच्यासारखे वकील घरी बसून होते. अशा वेळी आमच्या वस्तीतील बुद्धविहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्नावली आली. कुणा प्राध्यापकांना ऑनलाइन शिक्षणावर शोधनिबंध लिहायचा होता. प्रश्नावली गुगल फॉर्मवर होती आणि त्यात एक प्रश्न होता : आपल्या घरी इंटरनेट आहे काय? 'होय' किंवा 'नाही' यापैकी एकावर बोट ठेवायचे. आता ज्याच्या घरी इंटरनेट नाही, त्याने 'नाही' हे उत्तर कोणत्या मार्गाने कळवायचे? याचा विचार प्रश्न विचारणाऱ्याने केलेला नव्हता. वस्तीत ज्यांच्या घरी एकच साधा फोन, आणि बाप कामावर निघाला की तो फोनही त्याच्या खिशातून कामावर निघाला, त्या घरातील पोरांच्या शिक्षणाचे काय झाले हे त्या शोधनिबंधात कधीच येणार नव्हते. निबंध मात्र छापून येणार होता, त्याचे गुण प्राध्यापकांना मिळणार होते आणि 'बहुसंख्य विद्यार्थी ऑनलाइन शिक्षणाबाबत समाधानी' असा निष्कर्षही निघू शकणार होता!

ही एका प्राध्यापकाची चूक असती तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु कोरोनाच्या महामारीत शिक्षणावर जगभर जे संशोधन झाले, त्याची दिशा पाहिली तर हीच चूक मोठ्या प्रमाणावर दिसते. ज्यांच्यापर्यंत पोहोचणे सोपे होते, त्यांची विचारपूस झाली. ज्यांचे शिक्षण खरोखर बुडाले, ते मोजणीच्या बाहेर राहिले. आणि भारतात तर मोजणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी जातीचा रकानाच ठेवला नाही. हा केवळ विद्वानांचा प्रश्न नाही. उद्या न्यायालयात, विधिमंडळात आणि परीक्षेच्या निकालपत्रात आमच्या मुलांचे भवितव्य ज्या कागदांवर ठरणार आहे, तो हा प्रश्न आहे.

प्रथम आपत्ती केवढी होती ते पाहू. युनेस्कोच्या मोजणीनुसार एप्रिल २०२० मध्ये १९० हून अधिक देशांतील सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालयांना कुलूप लागले होते. आपल्या महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावी आणि शहरातील आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झाले. गावातील पहिली ते चौथीच्या चिमुकल्यांना तर डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. जून २०२० मध्ये ज्या पोराचे नाव पहिलीत घातले, ते पोर शाळेचा फळा न पाहता दुसरीत गेले. ज्याच्या घरी आईबाप शिकलेले, टेबल-खुर्ची, लॅपटॉप आणि शिकवणी, त्याचे थोडे अडले. ज्याच्या घरी अक्षर ओळखणारे ते पोर एकटेच, त्याचे सगळेच अडले.

याच काळात शोधनिबंधांचा मात्र पूर आला. या पुरात पहिली लाट उच्च शिक्षणाची होती. विद्यापीठातील प्राध्यापकाने आपल्याच विद्यार्थ्यांना दुव्यावरून प्रश्नावली पाठवायची, त्यांना ऑनलाइन तास आवडतात का, नेटवर्क मिळते का, ताण येतो का हे विचारायचे आणि टक्केवारी मांडायची. असे निबंध सर्वाधिक निघाले, कारण ते घरी बसून लिहिता येत होते. विद्यार्थ्यांचा मानसिक ताण खरा होता आणि त्याचा अभ्यास व्हायलाच हवा होता. पण झोपडपट्टीतील तिसरीचे मूल, ऊसतोड मजुराचे मूल, वीटभट्टीवरचे मूल यांच्यापर्यंत हा दुवा पोहोचत नव्हता.

राष्ट्रपिता जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्याची येथे आठवण होते. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी खजिना भरतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. खेड्यातील प्राथमिक शिक्षणाकडे कुणी पाहत नाही, हा तात्यांचा आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. त्यावेळी पैसा वर झिरपत होता. कोरोनाच्या काळात संशोधकांचे लक्षही तसेच वर झिरपले. जमिनीवर काय चालले आहे हे पाहायला फार थोडे लोक गेले.

दुसरी लाट तंत्रज्ञानाची होती. कोणते ॲप चांगले, शिक्षकांनी ते किती स्वीकारले, पालकांची 'डिजिटल साक्षरता' किती, अशा अभ्यासांना ऊत आला. या अभ्यासांत एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली होती, की यंत्र पोहोचले म्हणजे शिक्षण पोहोचले. ह्युमन राइट्स वॉच या संघटनेने मे २०२२ मध्ये ४९ देशांत वापरल्या गेलेल्या अशा साधनांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यातील बहुसंख्य साधने मुलांची खासगी माहिती गोळा करीत होती किंवा तिला धोका पोहोचवीत होती असे आढळले. म्हणजे ज्या मुलाकडे फोन नव्हता ते शिक्षणातून गेले आणि ज्याच्याकडे होता त्याची माहिती कंपन्यांच्या हाती गेली.

तिसरी लाट अधिक गंभीर अभ्यासाची होती. तिचा विषय होता : शाळा बंद राहिल्याने मुलांचे शिकणे किती बुडाले? नेदरलँडमध्ये शाळा केवळ आठ आठवडे बंद होत्या आणि तेथे जवळजवळ प्रत्येक घरात इंटरनेट आहे. तरीही सुमारे साडेतीन लाख मुलांच्या चाचण्या तपासल्यावर संशोधकांना दिसले, की घरी बसून मुले जवळजवळ काहीच नवीन शिकली नाहीत. आणि कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांचे नुकसान इतरांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक झाले. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. पुढे जानेवारी २०२३ मध्ये १५ देशांतील ४२ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून मांडले गेले. मुलांचे शालेय वर्षाच्या सुमारे ३५ टक्के इतके शिकणे बुडाले, असा त्याचा निष्कर्ष आहे. परंतु त्याच निबंधात एक कबुलीही आहे : जगातील अत्यंत गरीब देशांतून असा एकही अभ्यास उपलब्ध झाला नाही. जिथे नुकसान सर्वाधिक, तिथे पुरावा सर्वात कमी! ही कबुली त्या निष्कर्षाइतकीच महत्त्वाची आहे, पण वर्तमानपत्रांच्या बातम्यांत ती येत नाही.

याच्याबरोबर चौथी लाट आली पैशाच्या हिशेबाची. जागतिक बँक, युनेस्को आणि युनिसेफ यांनी डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले की या पिढीच्या आयुष्यभराच्या कमाईत १७ लाख कोटी डॉलरचे नुकसान होऊ शकते. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण मुलाकडे उद्याचा मजूर म्हणून पाहायचे आणि त्याची बुडालेली मजुरी मोजायची, ही संविधानाची दृष्टी नाही. भारतीय संविधानाच्या कलम २१-अ प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे शिक्षण हा त्याचा मूलभूत हक्क आहे. हक्क बुडाला तर तो कुणाचा बुडाला आणि कुणी बुडवला, हे विचारावे लागते. कमाई बुडाली म्हटले की बुडवणारा कुणीच नसतो.

आता अमेरिकेचे उदाहरण पाहा. तेथे राष्ट्रीय पातळीवर मुलांची चाचणी घेणारी सरकारी यंत्रणा आहे. तिने सप्टेंबर २०२२ मध्ये नऊ वर्षांच्या मुलांचे निकाल जाहीर केले. २०२० ते २०२२ या दोन वर्षांत गणितात सरासरी ७ गुणांची घसरण झाली. यंत्रणा एवढे सांगून थांबली नाही. गोऱ्या मुलांची घसरण ५ गुणांची आणि काळ्या मुलांची १३ गुणांची, हेही तिने सरकारी कागदावर छापले. अमेरिका वर्णभेदातून मुक्त झाली असे कुणी म्हणणार नाही. पण तेथील काळ्या समाजाच्या नेत्याला, वकिलाला, शिक्षकाला हा आकडा हातात घेऊन सरकारला जाब विचारता येतो. आमच्या हातात काय आहे?

आमच्याकडे अझीम प्रेमजी विद्यापीठाचा अभ्यास झाला. पाच राज्यांतील १,१३७ सरकारी शाळांतील १६,०६७ मुलांची तपासणी जानेवारी २०२१ मध्ये झाली. मागील वर्षी येत असलेली भाषेची निदान एक क्षमता ९२ टक्के मुले विसरली होती आणि गणिताची निदान एक क्षमता ८२ टक्के मुले विसरली होती. 'असर'ची सर्वेक्षणे झाली. सरकारी शाळेतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, ती २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर आली. हे काम मोलाचे आहे. ते करणाऱ्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. २०२४ चा आकडा पाहून नुकसान भरून निघाले असेही सांगितले जाते. पण 'असर'चे तक्ते मुलगा-मुलगी, सरकारी-खासगी, पालकांचे शिक्षण अशा वाटणीने येतात; जातीच्या वाटणीने येत नाहीत. सरासरी वर आली हे खरे. सरासरीच्या खाली कोण राहिले? गावकुसाबाहेरची आमची वस्ती वर आली की पाटलाच्या आळीने सरासरी वर ओढली? हे त्या आकड्यावरून कळत नाही.

सरकारचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. सुमारे ३४ लाख विद्यार्थी त्यात होते आणि त्यात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, सर्वसाधारण अशी वर्गवारीही होती. म्हणजे जातीचा रकाना ठेवणे अशक्य नाही, हे सरकारनेच सिद्ध केले. परंतु त्या दिवशी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील तिसरीचे वर्ग अजून नियमित सुरूही झालेले नव्हते. चाचणी होते ती शाळेत हजर असलेल्या मुलाची. जे मूल आईबरोबर कामाला लागले, ज्या मुलीचे लग्न लावून दिले, ते मूल शाळेतही नाही आणि सर्वेक्षणातही नाही.

या सगळ्यात एक अभ्यास वेगळा ठरतो. ज्याँ द्रेज, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुमारे १,४०० मुलांच्या घरी प्रत्यक्ष स्वयंसेवक पाठवले. दुवा पाठवला नाही, माणसे पाठवली. गरिबांच्याच वस्त्या निवडल्या. आणि जातीचा रकाना ठेवला. काय आढळले? ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले अवघी ८ टक्के होती. त्यातही अनुसूचित जाती-जमातींची मुले केवळ ४ टक्के आणि इतरांची १५ टक्के. दलित-आदिवासी पालकांपैकी ९८ टक्के पालक शाळा लवकरात लवकर उघडा म्हणत होते. 'या लोकांना शिक्षणाची आवड नाही' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा. झारखंडमधील लातेहार जिल्ह्यातील कुटमू या गावी तर तेथील सवर्ण कुटुंबांतील काहींनी या पाहणी करणाऱ्यांनाच उघड विचारले, की ही पोरे शिकली तर आमच्या शेतात राबणार कोण? गुगल फॉर्मवर असले उत्तर कधी मिळाले असते काय?

काहीजण म्हणतील की रोगाने जात पाहिली नाही, मग संशोधनाने ती का पाहावी? हा प्रश्न गरिबीचा आहे, जातीचा नाही. या आक्षेपाला वरील पाहणीनेच उत्तर दिले आहे. तेथे पाहणी श्रीमंतांच्या बंगल्यांची आणि गरिबांच्या झोपड्यांची नव्हती. गरिबांच्याच वस्त्यांची होती. गरिबांगरिबांतही ४ आणि १५ असा फरक पडला. हा फरक नुसत्या गरिबीने पडत नाही. नातेवाइकात एखादा शिक्षक असणे, शेजारी एखादा पदवीधर असणे, गुरुजी ज्या आळीत राहतात त्याच आळीत आपले घर असणे, या गोष्टी पिढ्यान्पिढ्या काहींच्या वाट्याला आल्या आणि काहींना नाकारल्या गेल्या. रोगाने जात पाहिली नसेल, पण बंद शाळेने ती पाहिली. १ जून २०२० रोजी केरळमध्ये ऑनलाइन वर्गांचा पहिला दिवस होता. घरचा टीव्ही नादुरुस्त, दुरुस्तीला बापाकडे पैसे नाहीत, म्हणून नववीत शिकणाऱ्या एका दलित मजुराच्या मुलीने त्या दिवशी आपले जीवन संपवले. देशात शिक्षणात सर्वात पुढे असलेल्या राज्यात हे घडले. सरासरीत केरळ पहिलाच राहतो!

आकड्यांचे महत्त्व आम्हाला कुणी परक्याने शिकवण्याची गरज नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारचाच अहवाल सरकारपुढे ठेवला होता. प्राथमिक शाळेत दर हजारी लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे विद्यार्थी ११९, मुसलमानांचे ९२, मधल्या वर्गाचे ३८ आणि मागासवर्गाचे केवळ १८. लोकसंख्येने कोण कितवा आणि शिक्षणात कोण कितवा, याची क्रमवारी त्यांनी मांडली. पुढच्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनातही अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती त्यांनी याच पद्धतीने मांडली. 'मुंबई इलाख्यात शिक्षणाची प्रगती होत आहे' असे सरकार म्हणत होते आणि सरासरीने ते खोटेही नव्हते. बाबासाहेबांनी सरासरी फोडली आणि आत काय आहे ते दाखवले. परकीय सरकारने निदान तो तक्ता छापला होता, म्हणून बाबासाहेबांना तो वापरता आला. आज स्वतंत्र भारतातील विद्यापीठांचे शोधनिबंध तो तक्ता छापत नाहीत, याची आम्हाला खंत वाटली पाहिजे.

वकील म्हणून मला यातील धोका अधिक स्पष्ट दिसतो. आजचे न्यायालय आकड्यांशिवाय बोलत नाही. पदोन्नतीतील आरक्षणाच्या नागराज खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने मोजता येईल अशी आकडेवारी मागितली. २०१८ च्या जर्नेल सिंग निकालाने अनुसूचित जाती-जमातींच्या मागासलेपणाच्या आकड्यांची अट काढली, तरी अपुऱ्या प्रतिनिधित्वाच्या आकड्यांची अट राहिलीच. ४ मार्च २०२१ च्या गवळी निकालात महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसींचे आरक्षण अडले ते आकडेवारी नाही म्हणूनच. १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालाबद्दल आपल्या समाजात तीव्र मतभेद आहेत, तो वाद येथे नको. पण तोही शेवटी आकडेवारीवरच येऊन थांबतो. म्हणजे आरक्षण द्यायची वेळ आली की पुरावा आम्ही आणायचा आणि पुरावा गोळा करायची वेळ आली की रकाना कुणी ठेवायचा नाही. हा कुठला न्याय?

महामारीच्या काळात शिक्षणहक्कासाठी न्यायालयात गेलेल्यांचाही अनुभव पाहा. दिल्ली उच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर २०२० रोजी दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षणासाठी साधने व इंटरनेट पुरवण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याला स्थगिती मिळाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने या मुलांच्या प्रश्नाची गंभीर दखल घेऊन सरकारला योजना मागितली, पण तोवर शाळेची दोन वर्षे सरत आली होती. न्यायालयाचे घड्याळ आणि मुलाच्या वयाचे घड्याळ एका गतीने चालत नाही. म्हणून पुरावा वेळेवर, त्याच वर्षी गोळा व्हावा लागतो.

आणि आता ही मुले कुठे आहेत ते पाहा. शिक्षणहक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्या आधारे महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात बसवण्याची तरतूद केली. केंद्रानेही डिसेंबर २०२४ मध्ये तसेच नियम केले. हे नियम पहिल्यांदा कुणावर लागू झाले? जी मुले महामारीत पहिली-दुसरीत, चौथी-पाचवीत होती त्यांच्यावर! ज्यांना शिकवलेच नाही त्यांची परीक्षा घ्यायची आणि नापासाचा शिक्का त्यांच्या कपाळी मारायचा. २०२० साली पहिलीत नाव घातलेले मूल मार्च २०३० मध्ये दहावीला बसेल. त्यावेळी आमच्या वस्तीतील निकाल घसरला तर कोरोनाची आठवण कुणालाही राहणार नाही. 'यांच्यात गुणवत्ताच नाही' हे जुने वाक्य मात्र सगळ्यांच्या लक्षात असेल. शाळा बंद ठेवण्याचा निर्णय सरकारचा, अपुऱ्या साधनांची जबाबदारी व्यवस्थेची आणि कलंक मात्र मुलाचा! हा अन्याय उघड करण्याचे एकमेव साधन म्हणजे त्या काळातील जातीनिहाय नोंद.

निराश होण्याचे कारण नाही, हेही संशोधनानेच दाखवले आहे. तामिळनाडूच्या ग्रामीण भागातील सुमारे १९ हजार मुलांचा अभ्यास अभिजित सिंग, मॉरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांनी केला. डिसेंबर २०२१ मध्ये ही मुले फार मागे पडलेली होती आणि गरिबांची मुले अधिकच. पण शाळा सुरू झाल्यावर सहा महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश नुकसान भरून निघाले. त्यातील जवळजवळ चौथा हिस्सा 'इल्लम थेडी कल्वी' या सरकारी योजनेचा होता. सुमारे दोन लाख स्वयंसेवक, त्यात बहुतांश गावातल्याच शिकलेल्या स्त्रिया, संध्याकाळी आपल्याच वस्तीत मुलांना शिकवत होते. पेरियारांच्या भूमीत हे होऊ शकले. महाराष्ट्र स्वतःला फुले-शाहू-आंबेडकरांची भूमी म्हणवतो. येथे मुलांना आधी शिकवून घ्यावे असे न सुचता आधी नापास करावे असे का सुचले?

संशोधन कोण करतो, यावर त्याचे प्रश्न ठरतात. ज्याने कधी एकच फोन पाच जणांत वापरलेला नाही, त्याला तो गुगल फॉर्मवरील प्रश्न हास्यास्पद वाटत नाही. म्हणून आमच्या समाजातील संशोधक घडणे आवश्यक आहे, आणि नेमकी तीच वाट अडवली जाते. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती इत्यादींना मिळणाऱ्या केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आमच्या पीएच.डी.च्या मुलामुलींना २०२३ साली आझाद मैदानात आठवडेच्या आठवडे बसावे लागले. ज्यांनी वस्तीत जाऊन माहिती गोळा करायची, ते मैदानात उपोषणाला! मग जातीचा रकाना भरणार कोण?

सरकारकडे मागण्या स्पष्ट आहेत. २०२२-२३ पासून युडायस प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते आणि त्यात त्याचा सामाजिक प्रवर्गही असतो. नावे गाळून ही माहिती तालुकानिहाय आणि प्रवर्गनिहाय प्रसिद्ध करा. २०२० नंतर कोणत्या प्रवर्गातील किती मुले पटावरून गेली ते सांगा. महामारीत पहिली ते पाचवीत असलेल्या मुलांना पुरेसे विशेष शिक्षण दिल्याशिवाय कुठल्याही वर्गात अडकवू नका; शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याचे तत्त्व आहेच. विद्यापीठांनी शिक्षणावरील सरकारी पैशाच्या प्रत्येक संशोधनात सामाजिक प्रवर्गाची नोंद बंधनकारक करावी. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र मंत्रिमंडळाने जनगणनेत जातीनिहाय गणना करण्याचा निर्णय घेतला. जनगणनेत जो रकाना चालतो तो शाळेच्या चाचणीत का चालू नये?

पण केवळ सरकारला दोष देऊन आपली सुटका होत नाही. टाळेबंदीच्या त्या दोन वर्षांत आपण काय नोंद ठेवली, हे प्रत्येक विहाराने स्वतःला विचारावे. आमच्या विहारात दोन तरुण आणि एक डी.एड. झालेली ताई संध्याकाळी पोरांना शिकवीत. काम चांगले झाले, पण कोणते मूल किती मागे पडले हे आम्ही वहीत लिहिले नाही. आज विचाराल तर माझ्याकडे आठवणी आहेत, पुरावा नाही. ही माझी स्वतःची चूक आहे आणि पक्षकारांना रोज 'कागद आणा' म्हणणाऱ्या वकिलाला ती शोभणारी नाही. आपण जयंतीच्या वर्गणीचा हिशेब पै-पैने ठेवतो. मुलांचा हिशेब मात्र ठेवत नाही.

तो आता ठेवता येईल. प्रत्येक विहारात एक वही घाला. वस्तीतील प्रत्येक मूल २०२० मध्ये कोणत्या इयत्तेत होते, आज कोणत्या इयत्तेत आहे, मराठीचा सोपा उतारा वाचता येतो का, भागाकार येतो का, शाळा सोडली असेल तर केव्हा आणि का, एवढेच लिहा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ती नोंद माहितीच्या अधिकारात मागा आणि आपल्या वहीशी ताडून पाहा. जिथे फरक दिसेल तिथे लेखी तक्रार करा. समाजातील पदवीधरांनी, निवृत्त शिक्षकांनी आणि वकिलांनी महिन्यातून एक रविवार या कामाला द्यावा. शंभर विहारांच्या शंभर वह्या एकत्र आल्या तर असे संशोधन उभे राहील की ज्याला विद्यापीठालाही उत्तर द्यावे लागेल.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा क्रांतिज्योती सावित्रीबाईंनी रोग्यांची आकडेवारी कुणी कळवील म्हणून वाट पाहिली नाही. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्या डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. महामारीत महारवाड्यातील मूल शोधायचे तर महारवाड्यातच जावे लागते, हे देशातील त्या आद्य शिक्षिकेला ठाऊक होते. आजच्या संशोधकांना ते सांगण्याची वेळ आली आहे. आणि ते येत नसतील तर वही घेऊन आपणच निघाले पाहिजे.